पोह्यांचा आळ

माझी मान डावीकडं वळत नाही. कुणी डावीकडून हाक मारली की मी सबंध वळते, अरुंद गल्लीत पाण्याचा टँकर वळावा तशी, आधी थोडी मागं, मग पुढं. गुळण्या करताना मान मागं जात नाही, त्यामुळं पाणी घशापर्यंत पोचतच नाही. गच्चीवर वाळत घातलेले कपडे वर न बघता, हातानं चाचपून काढते. स्कूटी विकून टाकली, कारण मागून कोण येतंय ते वळून बघता येत नाही, आणि आपल्या गावात नुसत्या आरशावर विसंबून जालना रोड ओलांडणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

एवढं सगळं मी सोसलं असतं. वय झालं की काहीतरी कुरकुरायचंच. पण ज्या माणसानं ही मान घालवली त्यानं वर माझ्यावर पोहे खाल्ल्याचा आळ घेतला, आणि तो मी सोसला नाही. त्याची परतफेड मी कशी केली ते सांगायला बसले आहे. ज्यांना क्षमा, शांती वगैरे आवडते त्यांनी दुसरं काही वाचावं.

मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगणारी बाई म्हणजे मी. सबंध नोकरी खुर्चीत गेली आणि निवृत्तीच्या जरा आधी कंबर अशी धरली की वाकून चप्पल घालता येईना. कुणीतरी आमच्या गारखेडा भागातल्याच बाईंचं नाव सांगितलं. बाई आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी योगाचा वर्ग घ्यायच्या. काटक अंगाच्या, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. त्यांनी मला कित्येक दिवस नुसतं खुर्चीवर पोटऱ्या ठेवून जमिनीवर निजवलं. मग भिंतीला पाठ लावून उभं केलं. मी नवऱ्याला म्हटलं, ही बाई काही शिकवत नाही, नुसती उभी करते. पण एक दिवस चप्पल घालायला वाकले आणि चप्पल घालून सरळही झाले, तेव्हा माझं तोंड बंद झालं.

बाईंच्या वर्गाला एक क्रम होता आणि तो देवळातल्या पूजेसारखा ठरलेला होता. आधी उभ्यानं करायची आसनं, मग बसून पुढं वाकायची, मग पीळ द्यायची, मग शीर्षासन, त्यानंतर सर्वांगासन, हलासन, आणि शेवटी शवासन. शीर्षासनानं अंग तापतं, सर्वांगासनानं निवतं, असं त्या सांगायच्या. सर्वांगासनात मान ताणली जाते, सैल होते, आणि त्या सैल मानेवर पुन्हा सगळ्या देहाचा भार टाकायचा नाही. एरवी मुक्या असणाऱ्या बाई याच एका गोष्टीवर पुन्हापुन्हा बोलायच्या. तेल तापायच्या आधी मोहरी टाकलीस तर ती तडतडेल का, असं एकदा त्यांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मग शरीराला का फसवतेस, म्हणाल्या.

वर्गाचे दोन नियम होते. पुढचं आसन कोणतं हे विचारायचं नाही, बाई ‘पुढं’ म्हणाल्या की पुढं जायचं. आणि उशिरा आलेल्यानं ओळीत घुसायचं नाही. त्यानं भिंतीपाशी जायचं, पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि वेळ संपली की जिथं असेल तिथून शवासनात जायचं. उशिरा आलेल्याचं शीर्षासन त्या दिवशी बुडालं म्हणजे बुडालं.

हा माणूस रोज उशिरा यायचा. तेव्हा तो वाळूजला कंपनीत होता, राहायचा बजाजनगरला, आणि रात्रपाळी संपवून सरळ गारखेड्याला गाडी मारायचा. माझ्यापेक्षा बराच लहान. मला काकू म्हणायचा आणि मी त्याला तू म्हणायचे. वर्ग सुटल्यावर माझ्या डब्यातलं काहीतरी रोज त्याच्या पोटात जायचं. बाईंनी भिंतीला लावला की तो तिथं उभा राहायचा खरा, पण बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेल्या की हळूच ओळीत शिरायचा. बाईंनी त्याला किती वेळा दंडाला धरून परत भिंतीपाशी नेला. पुढं त्यांचंच शरीर थकलं, नजरही मंदावली, आणि याचं फावलं. अशा रीतीनं त्याला योगाचा उत्तरार्ध पाठ झाला आणि पूर्वार्ध कधी त्याच्या वाट्याला आलाच नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मी त्याला तेव्हा प्रेमानं चिडवायचे.

बाई गेल्या. थोड्याच दिवसांत हॉलच्या दारावर फ्लेक्स लागला. त्यावर हा पद्मासनात बसलेला, मागं हिमालय, आणि नावाच्या आधी ‘योगाचार्य’. कंपनीही त्यानं सोडली होती. त्या दिवसापासून मी त्याला मनात आचार्य म्हणते.

आचार्यांच्या वर्गात गाणी लागायची. क्रम रोज नवा. रोज तेच तेच केलं की लोकांना कंटाळा येतो, काकू, असं त्याचं म्हणणं. तरी मी जात राहिले, कारण सकाळी उठून त्या हॉलकडं जायची पायांना सवय होती आणि बाईंच्या वेळच्या सगळ्या बायका तिथंच होत्या. माझ्या शेजारच्या सतरंजीवर आपा असायची. ती मागच्या गल्लीत राहते, ब्लाऊज शिवते, आणि तिच्या जिभेला तिच्या कात्रीइतकीच धार आहे. आम्ही दोघी मागच्या ओळीत आपला बाईंचा क्रम गुपचूप करायचो. तो काही बोलायचा नाही. आमच्याएवढ्या जुन्या विद्यार्थिनी वर्गात दिसणं त्याला सोयीचं होतं.

ती सकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. त्या दिवशी त्यानं व्हिडिओ काढणाऱ्याला बोलावलं होतं आणि तो माणूस उशिरा आला. तोवर आमचं शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सगळं होऊन आम्ही उताण्या पडलो होतो. खिडकीतून ऊन छान आलं होतं. आचार्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं. एका ओळीत सगळ्यांचं शीर्षासन होऊन जाऊ द्या म्हणाले, आणि मला पुढं बोलावलं, कारण माझ्या वयाची बाई डोक्यावर उभी राहिली की लोक व्हिडिओ बघतात. मी जागेवरूनच म्हटलं की आता सर्वांगासन झालंय, आता शीर्षासन नसतं. बाईंनी आयुष्यभर हेच सांगितलं.

तो हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “अहो काकू, एकदा इकडचं तिकडं झालं तर काय आभाळ कोसळतंय व्हय?”

आपानं आपली सतरंजी गुंडाळली आणि ती भिंतीला टेकून बसली. मी पुढं गेले ते त्याला नीट समजावून सांगायला. पण त्यानं मला खांद्याला धरून खाली बसवलं, कॅमेरा समोर आला, मी सवयीनं हात गुंफून डोकं टेकवलं, आणि मी पाय उचलायच्या आधीच त्यानं माझे पाय धरून वर नेले. मानेतून डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत एक कळ गेली. नंतर मी आडवी होते आणि वरचा पंखा फिरताना दिसत होता. मी वर पाहिलेला तो शेवटचा पंखा.

मी पडलेली असताना, माझ्या डोक्याशी उभं राहून त्यानं जे केलं त्याला मराठीत चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. हॉलच्या कोपऱ्यात चपलांजवळ माझा डबा होता. वर्गानंतर सगळ्यांना द्यायला मी त्यात पोहे आणले होते. तो डब्याकडं गेला, परत आला, आणि मोठ्यानं म्हणाला, “काकू, पोहे खाऊन आलात ना? उपाशीपोटी या म्हणून किती वेळा सांगायचं माणसानं?”

मला तोंडातून शब्द काढता येत नव्हता. आपानं मला रिक्षात घातलं, डबाही उचलला, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर उघडला. डबा गळ्यापर्यंत भरलेला होता, वर पेरलेलं खोबरंसुद्धा हललेलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी सकाळी पाण्याशिवाय काही तोंडात न घालता वर्गाला गेले. एकादशी मोडली असेल, हा नियम मोडला नाही.

डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला, औषधं दिली, आणि शीर्षासन जन्मभर बंद म्हणून सांगितलं. आचार्य शहाळं घेऊन भेटायला आले. माझ्या नवऱ्याकडून डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि जाताना त्यालाच म्हणाले की काका, काकूंच्या खाण्याकडं जरा लक्ष ठेवत चला. मी आतल्या खोलीत पट्टा बांधून पडलेली. उठता आलं असतं तर ते शहाळं मी त्याच्या पाठीत घातलं असतं.

पोहे गारखेडाभर झाले. वाण्याच्या दुकानात एक बाई दुसरीला सांगत होती, आणि मी तिच्या मागंच उभी. भाजीवालीनं कोथिंबीर देता देता समजावलं, मावशी, योगा उपाशीपोटी करावा म्हणं. पुतणीच्या लग्नात मुकुंदवाडीच्या मावसबहिणीनं पंगतीत माझ्या पानाकडं बघून विचारलं की आता उलटं उभं राहायचं नाही ना. सगळ्या हसल्या. सगळ्यात वाईट म्हणजे हॉलमध्ये नवी माणसं आली की पहिल्या दिवशी तो त्यांना माझी गोष्ट सांगायचा. एक काकू पोहे खाऊन आल्या आणि त्यांचं काय झालं, अशी. बाईंकडं मी जे कमावलं होतं त्याचा या माणसानं नवशिक्यांसाठी धडा करून टाकला.

मी एकदा पट्टा लावून हॉलवर गेले आणि सरळ सांगितलं की हे खोटं आहे, सगळ्यांसमोर मागं घे. तो मला बाजूला घेऊन गोड बोलला. कशाला वाढवता काकू, लोक विसरले पण, म्हणाला. मी जिना उतरत होते तेव्हा आतून त्याचा आवाज आला. नव्या मंडळींना तो पोह्यांचंच सांगत होता.

नवरा म्हणाला, सोडून दे. आमच्या घरात हे वाक्य त्याचं आहे आणि ते त्यानं पेन्शनसारखं नियमित वापरलेलं आहे. मी सोडलं नाही. मी रोज सकाळी दिवा लावताना देवाकडं त्याचं वाईट मागायचे. त्याच्या अंगाला साबण लागलेला असताना टाकी रिकामी व्हावी. भर उन्हात क्रांती चौकात त्याची गाडी बंद पडावी. त्या फ्लेक्सवरच्या हिमालयावर कावळ्यांनी बसावं. देवानं यातलं फक्त कावळ्यांचं ऐकलं.

मग मी शांतपणे विचार केला. बाईंकडं एवढी वर्षं काढली होती, घाई करून काही साधत नाही हे मला कळत होतं. मी माझ्याच घरातल्या पुढच्या खोलीत सतरंज्या टाकल्या. मला स्वतःला सगळं जमत नव्हतं, पण माईकवर आयुष्य गेलेलं, सांगता उत्तम येत होतं. आधी एकटी आपा आली. मग बाईंच्या वेळच्या दोघी-तिघी. मी बाईंचा क्रम पहिल्यापासून सांगायला लागले, आणि माझ्यापुरतं शीर्षासन आलं की खुर्चीवर बसून राहायचे.

आणि एक दिवस बातमी आली की आचार्यांची कंबर गेली. पुन्हा व्हिडिओच. बराच वेळ पुढं वाकून बसले, आणि तिथून उठून अंग मोकळं न करता सरळ मागं वाकून चक्रासन केलं. कमानीत गेले ते उलगडताच येईना, चौघांनी उचलून रिक्षात घातलं. मी त्या दिवशी शिरा केला. खोटं कशाला सांगू, बदामही घातले.

डॉक्टर झाले, पट्टा झाला, शेक झाला, मालीश झाली. कंबर काही सरळ होईना. शेवटी त्याला बाई आठवल्या. बाईंनी माझी कंबर उभी केली हे त्याला ठाऊक होतं, पण ते सगळं क्रमाच्या सुरुवातीचं, आणि सुरुवातीला हा कधी हजर नव्हता. तो आधी आपाकडं गेला. आपानं शिलाई मशीन न थांबवता त्याला सांगितलं, “मेरे पास नक्को. ताई के पास जाव. कमर का पूरा उनकूच मालूम.” मग तो गेल्यावर मला फोन केला आणि म्हणाली, ताई, आ रहा है, छोडना नक्को उसकू.

तो आला. कंबरेला पट्टा, एका बाजूला कललेला, दाराची चौकट धरून उभा. मी म्हटलं, “या. तुम्हाला बसवणार नाही, बसू नका.” मी अहो-जाहो करतेय हे त्याला लागलं. म्हणाला, काकू, मला ‘तुम्ही’ कशाला म्हणता. मी सतरंजी पसरायला घेतली. आपल्या माणसाला तू म्हणतात.

त्याला बाईंचे नियम सांगितले. उपाशीपोटी यायचं, पहिल्यापासून करायचं, पुढचं विचारायचं नाही. त्यानं मान डोलावली. त्याची मान सगळीकडं छान फिरते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आधी त्याला जमिनीवर निजवून खुर्चीवर पोटऱ्या ठेवायला लावल्या. मग जमायला लागलं तसं भिंतीशी ताडासनात उभा केला, कधी पाठ भिंतीला, कधी तोंड भिंतीला. बाकीच्या बायका यायच्या, उभी आसनं, वाकायची आसनं, सगळा क्रम करून शवासनात जायच्या, आणि आचार्य भिंतीशीच. ज्यांना त्यानं माझ्या पोह्यांची गोष्ट सांगितली होती त्यातल्या दोघीही आता माझ्याकडं येत होत्या. त्या येताजाता त्याच्याकडं बघायच्या.

आणि मी पोहे करायचे. पुढच्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर आहे, मध्ये दार नाही. तो उपाशीपोटी भिंतीकडं तोंड करून उभा असला की मी कांदा चिरायला घ्यायचे. तेल चांगलं तापू द्यायचं, मग मोहरी, मग हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, कांदा. वास त्या भिंतीपर्यंत नीट पोचायचा. त्याच्या पोटात गुरगुरलेलं मला ऐकू यायचं. वर्ग संपला की बायका बशा घेऊन बसायच्या, आणि ‘तुम्हाला आत्ता देत नाही, आसनानंतर लगेच खाऊ नये’ असं मी त्याला फार काळजीनं सांगायचे. त्या दिवसांत आमच्या घरात इतके पोहे झाले की नवऱ्यानं उपमा तरी कर म्हणून हात जोडले.

अधूनमधून तो विचारायचा, काकू, पुढचं? मी म्हणायचे, विचारायचं नसतं.

एकच वाईट घडत होतं. त्याची कंबर सुधारत होती. कलणं गेलं, पट्टा गेला, चेहऱ्यावर रंग आला. मी त्याला शिक्षा म्हणून भिंतीशी उभा करायचे आणि त्या उभं राहण्यानंच तो बरा होत होता. माझा इतका संताप झाला की एका सकाळी भलतंच मनात आलं. पुढचं विचारायचं नाही हा नियम होता. मी सांगीन ते तो करणार होता. त्याला बराच वेळ पुढं वाकवून बसवायचं आणि तिथून एकदम चक्रासन सांगायचं, की खेळ खलास. शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो माझ्यासमोर डोळे मिटून, हात सैल सोडून, पोरासारखा उभा होता.

मी ते बोलले नाही. दया आली म्हणून नाही, दयेचा तिथं काही संबंध नव्हता. मी क्रम मोडला असता तर बाईंच्या वर्गातला तो आणि मी, दोघं एका मापाचे झालो असतो. शिवाय त्याला जन्मभर सांगायला गोष्ट मिळाली असती, आणि या खेपेस ती खरी असती. मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला, इतका जोरात की पाटावर खाचा पडल्या.

त्यानंतर काही दिवसांनी, सगळ्या बायका बसलेल्या असताना, भिंतीकडं तोंड असतानाच तो बोलला. “काकू, बास करा आता. कंबर उभी राह्यलीय माझी. पुढचं द्या.”

मी म्हटलं, “मधलं एक राहिलंय.”

“कोणतं?”

“मी पडले त्या दिवसाचं.”

आपानं हातातली बशी खाली ठेवली. त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, काकूंनी त्या दिवशी पोहे खाल्ले नव्हते.

“भिंतीला सांगू नका. इकडं वळा.”

तो वळला. कंबरेला हात न लावता, नीट सगळा वळला. खाली बघत म्हणाला, “डबा भरलेला व्हता. मी झाकण उघडून बघितलं व्हतं.”

हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की त्यानं अंदाजानं ठोकून दिलं. तो डब्यापर्यंत गेला, भरलेला डबा पाहिला, झाकण लावलं, आणि परत येऊन ते बोलला. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

“मग कशानं झालं?” मी विचारलं.

“क्रम चुकला. सर्वांगासनानंतर शीर्षासन मी सांगितलं.”

“और पैर किसने उठाए?” आपानं विचारलं.

“मीच,” तो म्हणाला.

मला प्रत्येकीचा चेहरा बघायचा होता. त्या क्षणासाठी मी एवढे दिवस कांदे चिरले होते. उजवीकडच्या बायका दिसल्या, त्यांच्या चेहऱ्यावर जे हवं होतं ते होतं. आपा डावीकडं होती. तिच्याकडं बघायला मला उठून सबंध वळावं लागलं, आणि मी वळेपर्यंत तिनं डोळे पुसून घेतले होते.

मी त्याला तेवढ्यावर सोडला नाही. हेच आता हॉलमध्ये जाऊन सांगायचं म्हटलं, नव्या-जुन्या सगळ्यांसमोर, आणि वाण्याच्या दुकानातही. तो गेला आणि सांगितलं. मला कसं कळलं? भाजीवालीनं आपणहून कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाली, “मावशी, पोहे नव्हतं म्हणं तुम्ही खाल्लं.” मी नाही म्हटलं. तिला म्हणावंसं वाटलं, अजून एकदा बोल. लोक म्हणतात सूड उगवून समाधान मिळत नाही. मला मिळालं. त्या दिवशी मी घरी आले, दार लावलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. हसताना मान मागं जाते माणसाची, माझी गेली नाही. कळ मात्र आली.

दुसऱ्या दिवशी त्याला ‘पुढं’ म्हटलं. मग क्रमानं सगळं दिलं, काही लपवलं नाही, काही गाळलं नाही. उभी आसनं, मग वाकायची, मग पिळाची. जे त्यानं बाईंकडं उशिरा येऊन चुकवलं होतं ते सगळं त्याला माझ्याकडून शिकावं लागलं, आणि चांगलं शिकला, हेही सांगते. हॉलमध्ये त्यानं गाणी बंद केली आहेत. फ्लेक्स बदलला, त्यावर आता ‘पारंपरिक क्रमाने’ असं लिहिलं आहे. हिमालय आहे तसाच आहे.

परवा पिळाचं शेवटचं आसन झालं. बाकीच्या बायका हात गुंफून शीर्षासनाच्या तयारीला लागल्या. तोही सतरंजीची घडी घालून डोक्याखाली घ्यायला लागला. मी त्याला थांबवलं. त्यानं घडी हातात धरून विचारलं की काकू, क्रमानं आता शीर्षासनच येतं ना.

“येतं,” मी म्हटलं. “पण या घरात त्याला एक क्रम आहे. आधी मी, मग तुम्ही.”

त्यानं माझ्या मानेकडं पाहिलं. मला शीर्षासन जन्मभर बंद आहे हे त्यानं शहाळं आणलं त्या दिवशी याच खोलीत ऐकलं होतं. शीर्षासन नाही म्हणजे त्यानंतरचं सर्वांगासन नाही, हलासन नाही, हेही त्याला कळलं, कारण आता त्याला क्रम येतो.

“काकू, एकदा इकडचं तिकडं,” असं तो बोलायला लागला आणि तिथंच थांबला.

मग त्यानं सतरंजी उलगडली, उताणा झाला आणि डोळे मिटले. उशिरा आलेल्यानं जिथं असेल तिथून शवासनात जायचं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोहे भिजवले.